म्हणे नुसती थिअरी!

“खंड सरकतात ही नुसती थिअरी आहे हो. कुणी पाहिलेत सरकताना?”

हे वाक्य गेल्या महिनाभरात मी तीनदा ऐकलं. एकदा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या ढकलपत्रात, एकदा एका बारशाला, आणि तिसऱ्यांदा चक्क इंजिनिअर असलेल्या भाचेजावयांच्या तोंडून. पाहुण्यांसमोर वाद घालायची आपल्या घरची रीत नाही, म्हणून तेव्हा गप्प बसले. इथे गप्प बसायचं काही कारण नाही.

मी भूगर्भशास्त्रज्ञ नव्हे. मराठी माध्यमातून बी.ए. झाले आणि शाळेत भूगोल आणि मराठी हे दोन विषय शिकवत निवृत्त झाले. तेव्हा आधी मराठीच्या बाईंचं ऐका, मग भूगोलाच्या बाईंचं.

रोजच्या बोलण्यात ‘थिअरी’ म्हणजे डोक्यात आलेली कल्पना. भारत मॅच का हरला याची आमच्या चाळीत प्रत्येक मजल्यावर वेगळी थिअरी असते. शास्त्रातल्या थिअरीला मात्र मराठीत ‘सिद्धान्त’ असा घडीव शब्द आहे. तपासून, पारखून, सिद्ध करत करत शेवटी जिथे पोचलो तो सिद्धान्त. नुसत्या अंदाजासाठी ‘गृहीतक’ हा वेगळा शब्द आहे. म्हणजे आपल्याकडे दोन खुंट्या होत्या. आपणच दोन्ही कपडे एका इंग्रजी खुंटीला टांगले, आणि आता कुठला धुतलेला आणि कुठला मळका ते कळेनासं झालं.

आल्फ्रेड वेगेनरने १९१२ साली खंडवहनाची कल्पना मांडली तेव्हा ते गृहीतक होतं, यात वाद नाही. तो मुळात हवामानशास्त्रज्ञ. एवढाले खंड ढकलतं कोण, या प्रश्नाला त्याच्याकडे पटण्यासारखं उत्तर नव्हतं, आणि त्या काळच्या मोठमोठ्या भूशास्त्रज्ञांनी त्याची टर उडवली. बिचारा १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात गेला. त्या साली कुणी ‘नुसती कल्पना’ म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. पण त्यानंतर १९५० आणि ६० ही दोन दशकं होऊन गेली, समुद्राचे तळ मोजून झाले, उपग्रह आले. ढकलपत्रवाले अजून १९३० मध्येच बसलेत.

“कुणी पाहिलेत?” याचं उत्तर आधी देऊन टाकते. पाहिलेले नाहीत, मोजलेत. भाचेजावई रस्ता शोधायला ज्या जीपीएसवर विसंबतात त्याच जीपीएसने. बंगळूरला १९९० च्या दशकापासून त्याचं केंद्र आहे. भारताचा भूपट्ट ईशान्येकडे वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर सरकतो. मला चौऱ्याहत्तर वर्षं झाली. चौऱ्याहत्तर गुणिले पाच, तीनशे सत्तर सेंटिमीटर, म्हणजे बारा फूट. आमची खोली दहा बाय बारा. माझ्या एका आयुष्यात करी रोडची ही खोली आपल्या लांबीइतकी पुढे सरकली, आणि भाडेपावतीवरचा पत्ता तोच राहिला!

पण माझा खरा राग ढकलपत्रांवर नाहीच. तो आहे आपण हा धडा शिकवतो त्या पद्धतीवर. आफ्रिकेचा पश्चिम किनारा आणि दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा कोड्याच्या तुकड्यांसारखे जुळतात, आकृती काढा, नावे द्या, गुण दोन. झाला धडा. मंडळी, हा सगळ्यांत लंगडा पुरावा. आकार तर ढगांचेही हत्ती-घोड्यांशी जुळतात. ज्या मुलाने खंडवहन एवढंच शिकलं, त्याला मोठेपणी कुणी “हा योगायोग आहे” म्हणालं तर तो काय उत्तर देणार? त्याच्याकडे उत्तर नसतं, कारण आपण त्याला पुरावा दिलेलाच नसतो, फक्त चित्र दिलेलं असतं. आणि तेही साता समुद्रापलीकडच्या दोन किनाऱ्यांचं. आपल्या पायाखालच्या दगडाविषयी अक्षर नाही.

आपला दगड म्हणजे काय? घरात पाटा-वरवंटा असेल तर (असेलच कुठेतरी माळ्यावर, मिक्सर आल्यापासून) तो खाली काढा. बहुधा काळा पाषाणच असेल, म्हणजे बेसॉल्ट, म्हणजे गोठलेला लाव्हा. कर्जतच्या पुढे गाडी घाट चढायला लागली की डोंगरात जे आडवे थर दिसतात ते त्याचेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा एकावर एक वाहत गेला, इतका की आजही जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर त्याने व्यापलंय. कोयनेजवळ शास्त्रज्ञांनी खोल भोक पाडलं, तेव्हा सव्वा किलोमीटर हाच काळा दगड लागला आणि मग खाली ग्रॅनाइट.

या दगडात लोहाचे चुंबकीय कण असतात. लाव्हा निवताना ते त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाप्रमाणे रांग धरतात आणि तसेच गोठतात. आता टांगलेली चुंबकसुई नुसती उत्तर-दक्षिण दाखवत नाही, ती खालीवर झुकतेसुद्धा. विषुववृत्तावर आडवी, ध्रुवावर उभी, मधे त्या त्या अक्षांशाप्रमाणे. आपल्याकडे ती साधारण पंचवीस अंश झुकते. हे मोजायचं काम कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चालू आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी सुया बिघडणार, म्हणून १९०४ साली ते अलिबागला हलवलं. तेव्हाच्या लोकांना मोजमापाची इतकी काळजी होती. असो. तर दगडातल्या गोठलेल्या सुईचा रोख आणि झुकाव पाहिला की तो दगड कुठल्या अक्षांशावर जन्मला ते कळतं. जन्मदाखलाच म्हणा ना.

१९५० च्या दशकात हा दाखला वाचला गेला. लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजच्या मंडळींनी वाचला, आणि आपल्या मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्येही. तिथे डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे या तिघांनी दख्खनच्या दगडांचं चुंबकत्व मोजून १९५८ आणि १९५९ साली निबंध छापले. निष्कर्ष काय? हा दगड जन्मला तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, पंचवीस-तीस अंशांवर होता. सह्याद्री दक्षिण गोलार्धात जन्मला, मंडळी! तेव्हा अमेरिकेतल्या विद्यापीठांतसुद्धा बहुतेक प्राध्यापक खंडवहनाला हसत होते. सहस्रबुद्धे हे आडनाव तुमच्या-माझ्या ओळखीचं. भूगोलाच्या धड्यात मी ते कधी छापलेलं पाहिलं नाही. वेगेनरचा फोटो मात्र दर आवृत्तीत.

“आपल्याकडे हे सगळं आधीच ठाऊक होतं, परशुरामाच्या बाणाने समुद्र हटला तो काय?” असंही ढकलपत्रात होतं. मी कोकणातली. परशुरामाची गोष्ट आजीच्या मांडीवर ऐकलेली, आणि ती मला अतिशय आवडते. पण गोष्ट ती गोष्ट. अभिमानच बाळगायचा तर त्याला जागा कमी आहे का? जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत त्या जुन्या जोडखंडाला ‘गोंडवन’ म्हणतात. हे नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून, १८७० च्या दशकात दिलेलं. तिथल्या कोळशाच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाची जिभेच्या आकाराची पानं सापडतात. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप (ज्यांच्या नावाचं तिथे कॉलेज आहे) यांनी नागपूरच्या परिसरातून ती गोळा केली होती. तीच पानं आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात. दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती १९१२ साली बर्फात मेले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सोळा किलो दगड होते. अन्न संपलं, पाय गोठले, पण दगड टाकले नाहीत. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिस निघालं. नागपूरचं पान अंटार्क्टिकात! त्या झाडाचं बी काही महासागर पोहून जाणारं नव्हे.

आणि चंद्रपूर. उन्हाळ्यात तिथला पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जातो, टीव्हीवर दरवर्षी दाखवतात. त्या चंद्रपूरजवळ इरई इथे फेडन नावाच्या सर्वेक्षकाने १८७५ साली असा खडक नोंदवला, की जो हिमनदीने घासून गुळगुळीत केलाय आणि त्यावर बर्फात अडकलेल्या धोंड्यांचे ओरखडे आहेत, एका दिशेचे. साधारण तीस कोटी वर्षांपूर्वीचे. विदर्भात हिमनदी! त्या काळी सगळी पृथ्वीच गोठली होती म्हणावं, तर उत्तरेकडच्या खंडांत त्याच सुमारास दलदलीची दाट जंगलं होती, ज्यांचा कोळसा झाला. म्हणजे एकच उलगडा उरतो. विदर्भ तेव्हा आजच्या जागी नव्हता, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. आता मला सांगा, आफ्रिका-अमेरिकेच्या आकृतीऐवजी एका चंद्रपूरच्या मुलीला हे शिकवलं तर ती जन्मात विसरेल का?

अजून सांगते. लाव्हा जिथून आला ती पृथ्वीच्या पोटातली भट्टी जागेवर राहिली आणि भूपट्ट वरून सरकत गेला, असं मानलं तर दक्षिणेकडे जावं तसे ज्वालामुखीचे दगड तरुण सापडायला हवेत. १९८७ साली जहाजावरून समुद्रतळाला भोकं पाडून हे तपासलं. मालदीवच्या खालचा दगड साडेपाच कोटी वर्षांच्या पलीकडचा, पुढे चागोस त्याहून लहान, मॉरिशस एक कोटीच्याही आतलं, आणि टोकाला रियुनियन बेट, जिथला ज्वालामुखी अजून धगधगतो. आधी सांगितलं, मग तपासलं, तसंच निघालं. याला पुरावा म्हणतात. (एकोणिसाव्या शतकात कोकणातली गरीब माणसं गिरमिटावर मॉरिशसला गेली, त्यांचे वंशज आजही तिथे स्वतःला मराठी म्हणवतात. त्यांच्या पूर्वजांना काय ठाऊक, की ज्या भट्टीचा दगड मागे सोडून आलो त्याच भट्टीच्या दगडावर उतरतोय!)

खंडांना ढकलतं कोण, हा वेगेनरला न सुटलेला प्रश्नसुद्धा आपल्याच समुद्राने सोडवायला घेतला. पृथ्वीचं चुंबकत्व मधून मधून उलटं होतं, उत्तरेचं दक्षिण. आमच्या सह्याद्रीतही खालचे बरेच थर उलटे आणि महाबळेश्वरच्या माथ्याकडचे सुलटे आहेत. १९६२ साली ‘ओवेन’ नावाच्या ब्रिटिश जहाजावरून ड्रमंड मॅथ्यूज यांनी वायव्य हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग नावाच्या पाण्याखालच्या डोंगररांगेवर चुंबकत्व मोजलं. तळाच्या दगडात सुलटे-उलटे पट्टे, साडीच्या काठासारखे. व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ साली अर्थ लावला, की डोंगररांगेच्या फटीतून नवा तळ वर येतो, गोठतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. म्हणून दोन्हीकडे सारखेच पट्टे. पुढे जगभरच्या समुद्रांत हेच दिसलं. समुद्राचा तळच पसरतोय, तर किनारे जागेवर राहतील कसे? वरळी सीफेसवर बसून आपण ज्या अरबी समुद्राकडे भजी खात पाहतो, त्याच्या पलीकडच्या अंगाला हा निकाल लागला.

वरळीवरून आठवलं. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात इथे गोड्या पाण्याची तळी साचायची. त्या तळ्यांच्या गाळात वरळीला बेडकांचे इवलेसे सांगाडे सापडले आणि १८४७ साली थेट लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन छापलं. करी रोडहून चालत जाण्याच्या अंतरावर!

आणि आज? गिरण्या गेल्या, त्यांच्या जमिनीत चार-चार मजले खोल खड्डे खणून मनोरे आले. आमच्या गॅलरीतून असा एक खड्डा दीड वर्षं दिसत होता. काळा दगड, मधेच करडा-पिवळा थर, पुन्हा काळा. तो पिवळा थर काय होता, त्यात बेडूक होते की नव्हते, देव जाणे. डंपर भरभरून गेला. मेट्रो तीनचा साडेतेहेतीस किलोमीटरचा मार्ग मुख्यतः याच खडकाच्या पोटातून गेला. त्या खडकाचा एक तुकडा, चार ओळींची पाटी लावून, एखाद्या स्थानकात काचेमागे ठेवलेला मी तरी अजून पाहिला नाही. अंधेरीची गिल्बर्ट हिल, दोनशे फुटांचे ते उभे खांब, आजूबाजूचं सगळं फोडून झाल्यावर तेवढी उरली. अशी जागा परदेशात असती तर आपण तिकीट काढून पाहायला गेलो असतो, आणि ग्रुपवर पन्नास फोटो टाकले असते.

“बाई, पण सरकले तर सरकले खंड, आपल्याला काय फरक पडतो?” असं विचारणारेही आहेत. त्यांना दोन तारखा सांगते.

११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या सुमारास. मी शाळेत शिकत होते. फळीवरची पितळी भांडी खडखडून खाली आली आणि सगळी चाळ अंगणात. कोयनेला दोनशेच्या आसपास माणसं गेली. तोवर दख्खनचं पठार म्हणजे अचल, इथे भूकंप होत नाहीत, असं पुस्तकात होतं आणि मोठ्या माणसांच्या तोंडीही. दुसरी तारीख ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र. लालबागची मंडळी गणपती पोचवून पाय चेपत झोपली होती, आणि तिकडे किल्लारीची माणसंही विसर्जन करून नुकतीच निजली होती. पहाटे चारच्या आत दगडमातीच्या भिंती त्यांच्या अंगावर आल्या. नऊ-दहा हजार माणसं. भूकंपाच्या सरकारी नकाशात किल्लारी तेव्हा झोन एकमध्ये होती, सर्वांत निर्धोक. २००२ साली तो झोन एकच नकाशातून काढून टाकला.

इथे अर्धवट धड्याचा दोष बघा. ‘भूकंप भूपट्टांच्या कडांवर होतात’ एवढंच पाठ केलं, तर ‘आपण मधे आहोत, म्हणजे सुरक्षित’ असं वाटणारच. पुढचं वाक्य कुणी सांगायचं? तिकडे भारत आशियाला धडकतोय, मागून समुद्रतळ रेटतोय. मग मधल्यांना काय होतं, हे मुंबईकराला सांगायला हवं का? संध्याकाळच्या लोकलमध्ये रेटा दारातून येतो आणि बरगड्या मधे उभ्या असलेल्याच्या दबतात. किल्लारीचा खडक त्या दाबाखाली तुटला. कोयनेला धरणाच्या पाण्याने चाप ओढला असं म्हणतात, पण बार आधीच ठासलेला होता. पालघरच्या बाजूला नोव्हेंबर २०१८ पासून लहान लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा डहाणू-तलासरीची माणसं थंडीत घराबाहेर झोपली. त्यांना ‘नुसती थिअरी’ म्हणून दाखवा.

आता आमच्या चाळीचं. पुनर्विकासाची सभा झाली. चटईक्षेत्र, पार्किंग, कॉर्पस फंड, देवघर कुठल्या दिशेला, सगळं विचारून झालं. मी उभी राहिले आणि विचारलं, “भूकंपाचा हिशेब कुठल्या आराखड्याप्रमाणे धरलाय? तो स्वतंत्र इंजिनिअरकडून तपासून घेणार का?” २००२ च्या नकाशात मुंबई झोन तीनमध्ये होती, तेव्हा प्रश्न काही आकाशातून पडलेला नव्हता. विकासकाचा माणूस हसला. “बाई, मुंबईत कुठला भूकंप!” आणि वाईट याचं वाटलं, की त्याच्याबरोबर सभाही हसली. त्यातले निम्मे माझ्याच शाळेचे विद्यार्थी.

पुढची सभा येत्या रविवारी आहे. या वेळी प्रश्न लेखी दिलाय, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवावं असंही खाली लिहिलंय. अर्जावर अजून सह्या हव्यात. दुसऱ्या मजल्यावरून चार मिळाल्यात. नातेवाइकांपैकी ज्यांच्या खोल्या आमच्या चाळीत आहेत, त्यांनी शनिवारपर्यंत येऊन करून जाव्यात. चहा आहेच.